डाव्या हाताचा कॅमेरा

पेण,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वत्सूआत्यास,
ईराचा शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या उजव्या हातात जेवढं बळ आपोआप परत यायचं होतं तेवढं आलं आहे. उरलेलं आता औषधाने नाही, हात वापरण्यानेच येईल, असं काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चालणं ठीक, बोलणं ठीक, रक्तदाब ठीक. आजारपण संपलं असं धरून चाला, म्हणाले. हे मी स्वतः ऐकलं म्हणून तुला कळवते. आईकडून कळलं असतं तर त्यात एक नवस आणि एक काढा वाढला असता.

पण आजारपण संपलं हे बाबांना कोण पटवणार? दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते फाटकाबाहेर जात नाहीत. एकदाच गेले होते, संक्रांतीच्या सुमारास, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिथे जुन्या ओळखीच्या कुणीतरी हात जोडून नमस्कार केला. बाबांचा डावा हात वर आला, उजवा मांडीशीच राहिला. समोरच्याने काही मनात आणलंही नसेल. बाबा मात्र सामान न घेताच परत आले, आणि आता केस कापायलाही माणूस घरी येतो. भूमी अभिलेखात नोकरी करताना सगळा तालुका पायी मोजलेला हा माणूस आता पलंग ते पडवी एवढीच मोजणी करतो.

माझी डोलवीला शिफ्ट असते. आई सांगून थकली. तू मोठी बहीण, तुझं ते ऐकतात. पण फोन नको. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्यांना बोलायचं नसतं, त्यामुळे तुमचा संवाद फार सुरेख होतो. पत्रच लिही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
ईरा


रोहा,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

एक काम सांगते आणि नाही ऐकून घेणार नाही. माझ्या पंचाहत्तरीला विराजने पुण्याहून पैसे पाठवले आणि आई, या वेळी स्वतःसाठीच काहीतरी घे, असं बजावलं. साड्या आहेत, कवळी बसवून झाली, देवांना चांदीची भांडीही झाली. मुलाचा शब्द मोडवत नाही, म्हणून ठरवलं की कॅमेरा घ्यायचा. मागच्या दारी पेरूवर तांबट पक्षी येतो, अष्टमी गावच्या पुलाखाली खंड्या बसतो. मी सांगते, लोक ऐकतात, पण विश्वास ठेवत नाहीत.

मोबाइल सुचवू नकोस. त्या काचेला माझं बोट कळत नाही. आयुष्यभर खडू धरून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. उन्हात तर ती काच पाटीसारखी काळी होते. डोळा लावून पाहता येईल आणि दाबलं की दाबलं गेल्याचं कळेल असं बटण असलेला खराखुरा कॅमेरा मला हवा.

अडचण एकच आहे. माझं उजवं मनगट मुरगळलं आहे आणि पुढे बरेच महिने त्या हातात काही धरायचं नाही असा हुकूम झाला आहे. तेव्हा कॅमेरा हलका हवा आणि एकट्या डाव्या हाताने चालवता यायला हवा. वीस हजारांच्या आत बसव. जुना चालेल, फसवलेला चालणार नाही. मी यातली बिगरीतली मुलगी आहे हे लक्षात ठेव. इथल्या दुकानात म्हातारी दिसली की एक तर सगळ्यात महाग वस्तू पुढे येते नाहीतर सगळ्यात निकामी. तू दोन्ही टोकांकडून मोजल्याशिवाय नकाशावर रेघ न मारणारा माणूस. तू हातात धरून पाहिलेला असेल तरच मी घेईन.

सौ. शांतीला आशीर्वाद. पोह्याचे पापड झाले असतील तर मला विसरू नये म्हणावं.

लोभ करतोसच, कामही तेवढंच मनावर घे.

तुझी
ताई


पेण,
१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नये. थोडक्यात लिहितो.

कॅमेऱ्याचं ईराला सांगितलं आहे. ती इंटरनेटवरून मागवील. वस्तू घरपोच येते, कुठे जावं लागत नाही.

मनगट मुरगळल्याचं वाचून वाईट वाटलं. अक्षर तुझं नेहमीसारखंच मोत्यासारखं आहे, हे पाहून बरं वाटलं.

लोभ असू द्यावा.

त्र्यंबक


रोहा,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. ईरास अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्याचा हात मोडला म्हणून तू काल फोनवर घाबरून ओरडत होतीस, तेवढं मला ऐकू आलं. हात मोडलेला नाही. मुरगळलेलाही नाही. आज सकाळीच नारळ सोलला आहे. आता हे पत्र वाचून झालं की तुझ्या पर्समध्ये खोल ठेव.

अगं, हात वापरायला सांगून तुझे बाबा वापरणार नाहीत, आणि बाहेर जा म्हटलं तर मुद्दाम आत बसतील. लहानपणापासून ही तऱ्हा. बहिणीचं काम मात्र त्याने कधी टाळलं नाही. कॅमेरा त्याने शोधायचा, त्याने धरायचा, त्याने तपासायचा, आणि तोही त्याच्याच हाताला सोसेल असा. पुढचं पुढे. पण बघ ना माझी अक्कल! हात मुरगळला असं त्याच हाताने, शुद्ध वळणदार अक्षरात लिहून मोकळी झाले. पोरांच्या चोऱ्या पकडण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या पहिल्याच चोरीत फजिती. त्याने टोमणा मारलाच आहे. आता यापुढे त्याला लिहिताना डावा हातच.

तू ऑनलाइन काही मागवू नकोस. शिफ्ट आहे, डोकं दुखतं, नेट चालत नाही, काय वाटेल ते सांग. थाप मारायला मी तुला कधी शिकवलं नाही, ती उणीव आज भरून काढते.

लोभ आहेच, त्यात आता कटाचीही भर पडली.

तुझी
आत्या


रोहा,
२५ फेब्रुवारी

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

हे माझं. डाव्या हातचं. मागचं पत्र शेजारच्या चंद्रावतीकडून लिहवून घेतलं होतं. ती माझीच विद्यार्थिनी, वळण माझंच.

एवढं लिहायला सकाळ गेली. आमटी उतू गेली. ओळ उतारावरून घरंगळते. शाई तळव्याला लागते. तू मागचं पत्र कसं लिहिलंस रे? मी नुसतं वाचलं होतं. त्यामागे काय असतं ते आज कळलं.

कॅमेरा तूच पाहा. ईरा नको. तिला माझा हात कळायचा नाही.

ताई


पेण,
५ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे. लहान भाऊ म्हणून सांगतो, राग मानू नकोस. कागद सरळ ठेवतेस तिथे चूक होते. वरचा भाग उजवीकडे तिरका कर, म्हणजे तळवा ओळीच्या खाली राहतो आणि शाई फासत नाही. पेन जवळ धरू नकोस, जरा वरून धर. शाईपेन सोड, बॉलपेन घे. अक्षरं जोडायच्या भानगडीत पडू नकोस. मला हे समजायला पौष आणि माघ गेला. तुला एका पत्रात देतो आहे.

आता कॅमेरा. ईराला सवड नाही म्हणते. कंपनीत काम वाढलं आहे आणि डोकंही दुखतं आहे. तेव्हा मलाच जावं लागलं. बाजारात धनेशचा फोटो स्टुडिओ आहे, पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढतो. शांती सोबत होती. ती देवाच्या तसबिरीच्या फ्रेमांचे भाव विचारत बसली, म्हणून मला शांतपणे पाहता आलं.

पहिला पाहिला तो लग्नातल्या फोटोग्राफरकडे असतो तसला, भिंग बदलता येणारा. जुना घेतला तर तुझ्या पैशांत बसतो. फोटो उत्तम, पण वजन पाट्या-वरवंट्याचं. एका हाताने भिंग सावरायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. आपल्यासारख्यांचं काम नाही. दुसरा अगदी नवा, खोक्यातला, खोक्यावर अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल छापलेले. त्याने शांतीचा फोटो काढून पाहिला, तर चेहऱ्याचं पिठलं झालेलं. धनेश प्रामाणिक आहे. तो म्हणाला की काका, ह्या आकड्यावर जाऊ नका, आतलं भिंग आणि प्रकाश पकडणारी चकती खेळण्याची हाय. मला पटलं. साखळी लांब म्हणून मोजणी बरोबर, असं कुठे असतं! तिसरा खिशात मावणारा, पण त्याला डोळा लावायची खिडकी नाही. उन्हात तू आंधळी.

आणि ताई, एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण उजव्या हाताला असतं. एकूण एक. इतकी वर्षं पाहिले, कधी ध्यानात आलं नाही. धनेशला म्हटलं की डावखुऱ्यांनी काय करायचं, तर तो म्हणाला की आजवर कुणी इचारलंच नाय.

त्याने नागोठण्याच्या एका गिऱ्हाईकाचा जुना कॅमेरा पुढच्या आठवड्यात येईल असं सांगितलं आहे. येईल तेव्हा पाहीन. लांबचं जवळ आणणारं भिंग आहे म्हणतो. तेही खरं भिंग, चित्र नुसतं ताणून मोठं करणारं नव्हे. हा फरक मला आता कळतो.

लोभाला उतार नसावा.

त्र्यंबक


रोहा,
१० मार्च

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

कागद तिरका केला. बॉलपेन घेतलं. ओळ आता घरंगळत नाही, नुसती लंगडते. तू मास्तर व्हायला हवा होतास.

तो नागोठण्याचा कॅमेरा पाहा. पण दुकानात पाहून भागणार नाही. तिथे तांबट बसत नाहीत. चार दिवस मागून घे, उन्हात ने, चालत ने, वाऱ्यात ने. तिथे टिकला तर माझ्याकडे टिकेल. आणि शांतीला नेऊ नकोस. ती सोबत असली की तू तिच्याकडून धरून घेशील. मला इथे धरायला कोणी नाही.

लोभ आहे म्हणून एवढं सांगते.

ताई


पेण,
२३ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कॅमेरा घेतला. धनेशने आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून दाखवला. भिंगात धूळ शिरलेली असली तर त्यात डाग दिसतात. डाग नाहीत. बॅटरी अजून बाजारात मिळते, चार्जर मूळचा आहे, हात हलला तरी फोटो हलू नये अशी सोय आहे, डोळा लावायला खिडकी आहे. तुझ्या पैशांत बसला. सगळं मनासारखं, फक्त बटण तिथेच, उजवीकडे. मी नाही म्हणून परत द्यायला निघालो होतो. धनेशने पुन्हा एकदा पाहा म्हणून माझ्याकडे दिला तो मी घाईत डाव्या हाताने जसा आला तसा धरला, आणि तो उलटा आला. डोकं खाली, पाय वर. आणि बटण नेमकं अंगठ्याखाली! डोळा लावला तर समोरचं सगळं सरळच दिसत होतं. फोटो तेवढा आत उलटा साठतो, तो ईराच्या कॉम्प्युटरवर एका टिचकीत सरळ होतो. मग धनेशनेही उलटा धरून पाहिला.

सांगितल्याप्रमाणे उन्हात नेला. प्रथम गच्चीत शांतीच्या पापडांचे फोटो काढले. पांढरे पापड करडे आले. कॅमेऱ्याला वाटतं एवढं पांढरं काही नसतंच, म्हणून तो आपला काळोख करून ठेवतो. अधिक-उण्याची एक खूण आहे, ती थोडी अधिकाकडे न्यायची. हे तुझ्या बगळ्यांना लागेल, म्हणून लिहून ठेवतो.

मग गडब गावाला गेलो. एकटा. सहाआसनी मिनिडोर रिक्षात पुढे बसायला मिळालं. गडबची मोजणी माझ्या हातची, हद्दीचे दगड मी उभे करून घेतलेले. म्हटलं, पाखरू उडून जातं, शिकाऊ माणसाला दगड बरा. शेताच्या बांधावर भिकू भेटला. तुला आठवणार नाही. गागोदेकडच्या वाडीवरचा, मोजणीला माझी साखळी ओढायचा. आता हातात कोयती, गवत कापायला आला होता. त्याने हात जोडले. माझं जे व्हायचं ते झालं, एकच हात, त्यातही कॅमेरा. भिकूने नीट पाहून घेतलं, आणि म्हणाला की रावसायब, एक हात नाय उठत तर नाय, दुसरा हाय ना, पण फोटू उलटा काढताय तो आमी काय डोक्यावर उभं राहून बघायचा व्हय? ताई, मी इतका हसलो की बांधावर बसावं लागलं.

नंतर आम्ही दोघांनी दगड शोधले. एक झुडपात सापडला. एक रस्ता रुंद करताना गेला असावा. सोबत फोटो पाठवतो. दगडाशेजारी छाती काढून उभा आहे तो भिकू.

पाडवा झाला की ईराबरोबर कॅमेरा तुझ्याकडे पाठवतो.

लोभ तुझा, उन्हाचा त्रास माझा. असाच असू दे.

त्र्यंबक


पेण,
३१ मार्च २०२५

ती. वत्सूआत्यास,
ईराचा शि. सा. न. वि. वि.

कॅमेरा बंद पडला आहे. धनेशने काल पाहून सांगितलं की दुरुस्तीला मुंबईला पाठवावा लागेल आणि त्या खर्चात असाच दुसरा येईल.

झालं असं. काल पाडवा. आईने गुढीपुढे बाबांचा कॅमेरा मांडला. हो, बाबांचा, ती आता तसंच म्हणते. हळद, कुंकू, फूल आणि वर मनापासून मूठभर अक्षता. बाबा अंघोळीला गेले होते. ओल्या अक्षतांतली एक कणी पुढे येणाऱ्या भिंगाच्या नळीच्या फटीत गेली. बाबांनी गुढीचा फोटो काढायला बटण दाबलं. भिंग निम्मं बाहेर आलं, कर्रकर्र वाजलं आणि अडकलं. आता ना आत, ना बाहेर.

बाबा आईवर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी कॅमेरा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि म्हणाले की आपल्या हाताला वस्तू लाभत नाही. मग पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आई देवघरात बसून रडते आहे, की मी देवाचं केलं आणि देवानेच असं केलं. आज भिकूने निरोप पाठवला होता की दुसरा दगड सापडला, या. बाबांनी तब्येत बरी नाही असं कळवलं.

आत्या, गेले दोन आठवडे ते मी डोलवीहून यायच्या आत घराबाहेर असायचे. मला त्यांची वाट बघावी लागायची. ते सगळं त्या एका कणीपाशी थांबलं आहे. काय करू ते लिही. धनेशकडे तसलाच दुसरा कॅमेरा मिळतो का पाहू?

लोभ आणि सल्ला, दोन्ही हवंय.

तुझी
ईरा


रोहा,
३ एप्रिल

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

कॅमेरा माझा आहे. लाभतो की नाही ते मी ठरवीन. दुसरा नको. मुंबईला नको. मला तोच हवा, चालू स्थितीत.

आत तांदूळ गेला आहे, साप नाही. गेला त्या वाटेने बाहेर येईल. नोकरीत भर पावसात मोजणीची यंत्रं कोण उघडून साफ करत होतं? हात एक असला तरी डोळे दोन आहेत.

शांतीला म्हणावं, अक्षता पडल्या म्हणजे शुभच झालं. लग्नातही पडतात, आणि पुढे त्रास होतो म्हणून कोणी टाकायच्या थांबत नाही.

ओळी सरळ आल्यात का? कळव.

ताई


पेण,
९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅमेरा चालू आहे. धनेशने पाहिला आणि मान्य केला.

ओळी सरळ आल्या. त्या सरळ ओळी पाहूनच उठलो. तुझं पत्र आलं त्याच दुपारी कपाट उघडलं. मोठं टेबल खिडकीशी ओढलं, खाली पांढरं फडकं पसरलं, शांतीची बारीक सुई घेतली. कॅमेरा तोंड खाली करून धरायला हवा होता, म्हणजे कणी सुटली की खाली पडेल, आत जाणार नाही. एका हाताने सुई, मग कॅमेरा कोण धरणार? शांती पुढे आली, पण पुन्हा आपल्याच हातून बिघडेल म्हणून कॅमेऱ्याला हात लावेना. राहिला उजवा हात. उशी ठेवली, तिच्यावर तो ठेवला, आणि बोटं एकेक करून कॅमेऱ्याभोवती मिटली. त्याने काही केलं नाही. फक्त धरून ठेवलं. पण सोडलं नाही, ताई. मधे एकदा दुखलं, तरी सोडलं नाही. कणी फडक्यावर पडली तेव्हा शांतीने ती उचलून देव्हाऱ्यात ठेवली. तिला काय बोलणार!

बटण दाबलं. भिंग एकदा कुरकुरलं आणि पूर्ण बाहेर आलं. पहिला फोटो शांतीचा. डोळे पुसतानाचा आहे, ती फाडून टाक म्हणते. मी म्हटलं की हा फाडायचा नसतो, पुसायचा असतो, आणि मी पुसणार नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझं मनगट धडधाकट आहे हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. चंद्रावतीला तुझं वळण आलं असेल, पण तुझा हट्ट कसा येईल? मी तेव्हाच लिहून मोकळा होणार होतो. तेवढ्यात तुझं डाव्या हातचं पत्र आलं. वाकडं, डागाळलेलं, आमटीचा वास येणारं. ते दिवसभर उशीखाली ठेवलं. दिवाळीपासून सगळे मला धीर देत होते. डाव्या हाताने माझ्याबरोबर कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून गप्प राहिलो. तुझ्या चुका सुधारायला मिळत होत्या, तेही सोडवत नव्हतं.

कॅमेरा तुझा आहे. कधी पाठवू ते कळव.

लोभ आहेच, तो मोजायच्या फंदात मी पडत नाही.

त्र्यंबक


रोहा,
१२ एप्रिल २०२५

चि. त्र्यंबकास अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं मनगट एकाएकी बरं झालं, हे अक्षरावरून कळलंच असेल. पहिल्या पत्राविषयी तू जे लिहिलं आहेस ते वाचलं. मुख्याध्यापिका उत्तर देत नसतात, शेरा देतात. शेरा असा की मुलगा हुशार आहे पण लबाड आहे.

डाव्या हाताने मी लिहीत राहणार आहे. सोंग म्हणून सुरू केलं, आता सवय झाली. तुझं दिवाळीपासूनचं दुखणं मी ऐकून होते, पण ते मला कळलं त्या पेनाने. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर मी विचार केला. या वयात मला तो उलटा-सुलटा धरायला जमायचं नाही. पाखरं मी डोळ्यांनी बघीन, आणि विश्वास नसेल त्यांनी इथे येऊन बघावं. विराजला मी खरं ते कळवलं. तो म्हणाला की आईने पहिल्यांदाच स्वतःला हवं ते घेतलं. तेव्हा वस्तू तुझ्याकडेच राहू दे. मात्र तुझ्या दगडांच्या फोटोंनी माझी भिंत भरली आहे. पाहुण्यांना वाटतं मी जमीन विकायला काढली. एक तरी तांबट दे. तो इथे पेरूवर आहे, पेणला येणार नाही. तूच ये.

वालाची उसळ करते, आणि शांतीला नको असलेलं लसणीचं तिखटही करते.

येतोस हे गृहीत धरते, एवढा लोभ मला पुरे.

तुझी
ताई


पेण,
१६ एप्रिल २०२५

ती. वत्सूआत्यास,
ईराचा शि. सा. न. वि. वि.

बाबा येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येत आहेत आणि एकटेच येत आहेत, असं त्यांनी आज जेवताना स्वतः जाहीर केलं. आईने सोबत यायचा विषय काढला. त्यावर ते म्हणाले की खिडकी एकच असते आणि ती मला लागणार आहे. मी सुट्टी काढते म्हटलं, तर कंपनीत काम फार असल्याची आठवण त्यांनी मला करून दिली. तुझी थाप त्यांनी अजून जपून ठेवली आहे.

आई काळजीत आहे. गाडीत चढताना कसं होईल, गर्दी असली तर काय, रोह्याला उतरल्यावर कोण. मलाही धाकधूक आहे, खोटं कशाला सांगू? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले की जाऊ द्या. काल संध्याकाळी बाबा नुसतेच स्टेशनवर जाऊन आले. डबा कुठे थांबतो, पायरी किती उंच आहे, दांडा डावीकडे आहे का, सगळं पाहून आले. डावीकडे आहे म्हणाले, आणि खुशीत होते.

तू त्यांना आणायला स्टेशनवर जाऊ नकोस, एवढीच विनंती आहे. गाडी वेळेवर येईल, पण बाबा येणार नाहीत. रिक्षा करायची नाही असं त्यांनी ठरवलं आहे. स्टेशनपासून चालत येतील आणि जागोजागी थांबतील. पुलावर तर फारच. उसळ गार होईल, ती होऊ दे. उशीर झाला म्हणून फोन करू नकोस. तुला ऐकू येणार नाही ते राहू दे, पण त्यांनाही उचलता यायचा नाही. हात रिकामा नसेल.

पापड त्यांच्या पिशवीत घातले आहेत. मोडले तर आईला सांगू नकोस.

लोभ आम्हा सगळ्यांवर ठेव, रविवारपुरता त्यांच्यावर थोडा जास्त.

तुझी
ईरा